अभ्यागताचा दर्जा आणि कामाचा परवाना

कोपरगाव तालुक्यातील काकडी येथे शिर्डीच्या विमानतळाचे उद्घाटन १ ऑक्टोबर २०१७ रोजी झाले. विमानतळ गावाजवळ आला तरी परदेशात काम करण्याचा हक्क त्यामुळे जवळ येत नाही. कॅनडात बहिणीकडे गेलेला पदवीधर किंवा दुबईस नातलगांकडे गेलेला गवंडी यांस तेथेच नोकरी देऊ केली गेली, तर प्रश्न उभा राहतो. व्हिसाची मुदत शिल्लक आहे, मालक तयार आहे आणि अर्जही दिला आहे. मग कामावर जाण्यास हरकत कोणती?

या प्रश्नात तीन भिन्न अनुज्ञा एकत्र मिसळल्या आहेत. देशात प्रवेश करण्याची अनुज्ञा ही पहिली, ठराविक मुदतीपर्यंत राहण्याची दुसरी आणि वेतन घेऊन काम करण्याची तिसरी. अभ्यागतास पहिल्या दोन मिळालेल्या असतात; त्यांतून तिसरी आपोआप निष्पन्न होत नाही. प्रवेशाच्या वेळी सांगितलेला हेतू हाच त्याच्या दर्जाचा पाया होय. म्हणून कामाचा अर्ज देशाबाहेरून यावा, हा बहुतेक राष्ट्रांचा सामान्य नियम असतो. भारतातही पर्यटक-व्हिसाचे रूपांतर नोकरीच्या व्हिसात साधारणतः होत नाही.

या नियमास अपवाद करता येतो; परंतु तो यजमान राष्ट्राच्या गरजेनुसार उघडतो आणि मिटतो. कॅनडाचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. १९६७ च्या नियमांनी अभ्यागतास देशात राहूनच कायम वास्तव्यासाठी अर्ज करण्याची मुभा दिली. अर्ज व अपिले यांचा ढीग साचला आणि नोव्हेंबर १९७२ मध्ये ती मुभा काढून घेण्यात आली. त्या आशेवर आलेले अनेक लोक मध्येच अडकले. त्यांच्यासाठी १९७३ मध्ये साठ दिवसांची विशेष योजना काढावी लागली व तीतून सुमारे ३९,००० जणांचा दर्जा नियमित झाला.

सुमारे अर्ध्या शतकानंतर हाच क्रम वेगळ्या स्वरूपात घडला. महासाथीमुळे प्रवास खुंटला असता, २४ ऑगस्ट २०२० पासून कॅनडाने तेथे असलेल्या अभ्यागतांस देश न सोडता कामाच्या परवान्यासाठी अर्ज करू दिला. मात्र हा परवाना विशिष्ट मालकाशी निगडित असे. नोकरीचा प्रस्ताव हाती असणे आवश्यक होते. तसेच परदेशी माणूस नेमल्याने देशातील श्रमबाजारास बाधा येत नाही, असा शासकीय अभिप्रायही बहुतेक प्रकरणी लागे. ही सवलत फेब्रुवारी २०२५ अखेरपर्यंत चालावयाची होती. ती सहा महिने आधीच, २८ ऑगस्ट २०२४ रोजी, बंद करण्यात आली. त्यापूर्वी दाखल झालेले अर्ज तेवढे विचारात घेतले गेले.

अर्ज प्रलंबित असणे म्हणजे परवाना असणे नव्हे, हा यातील मर्माचा मुद्दा. मुदत संपण्यापूर्वी वास्तव्य वाढवून मागणाऱ्याचा कॅनडातील अभ्यागत-दर्जा निर्णय होईपर्यंत टिकतो; परंतु टिकतो तो अभ्यागताचाच. ज्याच्याजवळ पूर्वीचा परवाना आहे आणि ज्याने तो संपण्यापूर्वी नूतनीकरण मागितले आहे, तो काम चालू ठेवू शकतो. ज्याने परवाना कधी घेतलाच नाही, त्यास चालू ठेवण्यासारखे काही नसते.

आखाती देशांत प्रश्नाचे स्वरूप थोडे निराळे आहे. संयुक्त अरब अमिरातीत भेटीच्या व्हिसावर आलेल्याचा दर्जा देशातच बदलता येतो. परंतु परवान्यापूर्वी काम करणे निषिद्धच आहे. २०२४ च्या दुरुस्तीने विनापरवाना काम देणाऱ्या मालकास १ लाख ते १० लाख दिर्हम दंड ठरविला. मालकास हा दंड होतो. कामगाराच्या वाट्यास बहुधा हद्दपारी येते.

येथे भारतीय कायद्याचाही संबंध येतो. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यान्वये, दहावी उत्तीर्ण नसलेल्या कामगारास अमिरातीसह अठरा देशांत नोकरीस जाण्यापूर्वी उत्प्रवासन-संरक्षकाची अनुमती लागते. या अनुमतीमुळे त्याचा करार शासनाकडे नोंदला जातो आणि त्यास सक्तीच्या विम्याचे संरक्षण मिळते. भेटीच्या व्हिसावर निघालेला गवंडी या व्यवस्थेच्या बाहेरच राहतो. पुढे अमिरातीत त्याचा दर्जा रीतसर बदलला, तरी प्रस्थानापूर्वीची ही नोंद झालेली नसते. वेतन थकले किंवा अपघात झाला, की या उणिवेची किंमत कळते.

परदेशगमनाची चर्चा सामान्यतः व्हिसा मिळाला की नाही, या एकाच प्रश्नाभोवती फिरते. अभ्यासकाने वस्तुतः तीन प्रश्न पृथक् विचारावयास हवेत : कोणत्या हेतूने प्रवेश मिळाला, दर्जा बदलण्याची वाट आज खुली आहे काय, आणि परवाना प्रत्यक्ष हाती येईपर्यंत उपजीविका कशावर चालणार? यांपैकी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही नियमपुस्तकात सापडत नाही. ते कुटुंबाला निघण्यापूर्वीच शोधावे लागते.