मोती तलावापासून काळ्या मशिदीपर्यंत

परवा प्रातःकाळी जालन्याच्या मोती तलावाच्या काठी फिरत असता एका तरुणाने विचारले, "काका, ही वाट पुढे गावात का जात नाही?"

त्याच्या प्रश्नाने मला या तलावाच्या पाण्याची जुनी वाट आठवली. मलिक अंबरच्या काळी जालन्याचा अंमलदार असलेल्या जमशेदखानाने हा तलाव बांधविला, आणि भूमिगत नळ घालून त्याचे पाणी शहरातील हौदांपर्यंत पोहोचविले. जुन्या वस्तीतील काळी मशीद, तिचा हमाम आणि सराई हीदेखील त्याचीच बांधकामे.

जे पाणी एके काळी पेठेत पोहोचत असे, त्याच्या मागोमाग एक सावलीची पायवाट काळ्या मशिदीपर्यंत आणि तेथून १७२५ साली बांधलेल्या मस्तगडापर्यंत न्यावी, अशी माझी उत्कट इच्छा आहे.