सागाच्या खाचा आणि एमबीएचा वर्ग

1856 साली डीट्रिश ब्रांडिस नावाचा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रह्मदेशातल्या पेगू प्रांतात सागाच्या जंगलांची देखरेख करायला आला. लाकूड झपाट्याने बाहेर जात होते, पण जंगलात साग किती उरला आहे हे कुणालाच ठाऊक नव्हते. ब्रांडिस हत्तीवर बसून जंगल पालथे घालू लागला. एका हातात बांबूचे चार तुकडे असत, सागाच्या आकाराच्या चार गटांसाठी एकेक. वाटेत साग दिसला की त्याच्या आकाराच्या तुकड्यावर चाकूने एक खाच पाडायची आणि मुक्कामाला पोचल्यावर खाचा मोजायच्या. दरवर्षी किती झाडे तोडणीच्या आकाराला येतील आणि तेवढीच तोडली तर जंगल टिकून कसे राहील, हे गणित त्या खाचांमधून उभे राहिले. जंगल हे मुद्दल, वर्षाची वाढ हे व्याज, आणि खर्च करायचा तो व्याजातूनच.

आज पुण्या-मुंबईतून सस्टेनेबिलिटीत करिअर करायचे म्हणून परदेशी एमबीएला जाणारे विद्यार्थी ज्या विषयाचा अभ्यास करतात, त्याची एक मोठी मुळी या हत्तीपर्यंत पोचते. मधला दुवा आहे अमेरिकेतले पिंशो घराणे.

पेनसिल्वेनियातल्या मिलफर्ड गावच्या या घराण्याने जंगले तोडून पैसा केला होता. पुढच्या पिढीतल्या जेम्स पिंशोला त्या उजाड डोंगरांची खंत होती आणि मुलाने वनशास्त्र शिकावे असे त्याला वाटे. पण 1889 मध्ये मुलगा गिफर्ड येल विद्यापीठातून पदवीधर झाला, तेव्हा हा विषय शिकवणारी एकही संस्था अमेरिकेत नव्हती. म्हणून तो युरोपला गेला. इंग्लंडमध्ये त्याला विल्यम श्लिच भेटले. ते आधी हिंदुस्थानच्या वनखात्याचे प्रमुख होते आणि आता कूपर्स हिल इथे त्या खात्यासाठी अधिकारी घडवत होते. मग बॉनमध्ये खुद्द ब्रांडिसची गाठ पडली. 1864 मध्ये हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झालेले ब्रांडिस आता निवृत्त होते. त्यांनी गिफर्डला फ्रान्समधल्या नान्सीच्या वनविद्यालयात धाडले आणि झुरिच शहराच्या मालकीचे झिलवाल्डचे जंगलही पाहायला लावले. पिढ्यान्‌पिढ्या तोडूनही ते जंगल उभे होते आणि शहराच्या तिजोरीत भर घालत होते. गिफर्डने आणखी शिकावे असा ब्रांडिस यांचा आग्रह होता, पण हा तरुण साधारण वर्षभरातच घरी परतला. 1900 मध्ये पिंशो कुटुंबाच्या देणगीतून येलमध्ये वनविद्यालय उभे राहिले आणि 1905 मध्ये गिफर्ड अमेरिकेच्या वनसेवेचा पहिला प्रमुख झाला.

ब्रांडिस यांच्या त्या मुद्दल-व्याजाच्या हिशेबात एक गोष्ट सुटली होती आणि मराठी वाचकाला ती नेमकी ठाऊक आहे. हिंदुस्थानात 1878 च्या वनकायद्याने जंगलांवर सरकारची पकड घट्ट केली. गावकऱ्यांचे हक्क काही प्रमाणात तरी राखावेत असे ब्रांडिस यांचे मत होते, पण सरकारी मालकीचा आग्रह धरणारे अधिकारी बेडन-पॉवेल यांच्या बाजूने पारडे झुकले. पाचच वर्षांनी, 1883 मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये वनखात्यावर कोरडे ओढले. डोंगर आणि गायराने खात्याने गिळली, शेतकऱ्याच्या शेळ्यामेंढ्यांना चरायला जागा उरली नाही, ही त्यांची तक्रार होती. झाडांची मोजदाद अचूक होती, पण त्या झाडांवर जगणारी माणसे तिच्यात धरलेली नव्हती. या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने फुल्यांची ती पाने सोबत न्यावीत असे मला मनापासून वाटते.

2002 मध्ये गिफर्डचा नातू, त्याचेही नाव गिफर्ड पिंशो, पत्नी लिबा आणि काही सहकाऱ्यांसह सिअॅटलसमोरच्या बेनब्रिज बेटावर एक लहानसे व्यवस्थापन विद्यालय काढून बसला. बेनब्रिज ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूटमध्ये एमबीएचा सगळा अभ्यासक्रमच शाश्वततेभोवती बांधलेला होता. अर्थशास्त्र, वित्त, विपणन यांतला प्रत्येक विषय निसर्गाची आणि समाजाची किंमत धरून शिकवायचा. पर्यावरण हा शेवटच्या सत्रातला ऐच्छिक पेपर नव्हे. विद्यार्थी नोकरी सांभाळून महिन्यातून एकदा बेटावरच्या पर्यावरण केंद्रात जमत आणि उरलेला अभ्यास दुरून चाले. पुढे या संस्थेला पिंशो युनिव्हर्सिटी असे नाव मिळाले आणि 2016 मध्ये ती सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रेसिडिओ ग्रॅज्युएट स्कूलमध्ये विलीन झाली. अशा छोट्या, ध्येयवेड्या संस्था फार काळ टिकत नाहीत, पण हीच कल्पना आता मोठ्या विद्यापीठांतही मुरली आहे. मिशिगन विद्यापीठात 1996 पासून तीन वर्षांत एमबीए आणि पर्यावरणातली एमएस अशा दोन पदव्या एकत्र घेता येतात. हा अभ्यासक्रम चालवणाऱ्या अर्ब इन्स्टिट्यूटला ज्यांचे नाव आहे ते फ्रेडरिक अर्ब हेही लाकडाचेच व्यापारी. येलमध्येही पिंशोंच्या त्या वनविद्यालयाची आणि व्यवस्थापन शाळेची जोडपदवी आहे.

इंग्लंडमधला एक प्रसंग मात्र कान टोचणारा आहे. 2000 साली नॉटिंगहॅम विद्यापीठाने कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा अभ्यास करणाऱ्या केंद्रासाठी ब्रिटिश अमेरिकन टोबॅको या सिगारेट कंपनीकडून 38 लाख पौंड स्वीकारले. ब्रिटिश मेडिकल जर्नलचे संपादक रिचर्ड स्मिथ तिथे मानद प्राध्यापक होते. त्यांनी वाचकांचा कौल घेतला आणि 2001 मध्ये पद सोडले. कोणत्याही अभ्यासक्रमाचे माहितीपत्रक हातात आले की त्यामागे पैसा कुणाचा आहे हेही वाचावे.

वर्गात प्रत्यक्ष काय चालते, ते इचलकरंजीच्या कापडावर समजून घेऊ. समजा, एका प्रोसेस हाऊसमध्ये बॉयलर कोळशावर चालतो. त्या धुरातला कार्बन हा स्कोप 1. यंत्रांना लागणारी वीज दूरच्या औष्णिक केंद्रातून येते, तो स्कोप 2. कापसाच्या शेतातले खत, सूतगिरणी, ट्रक, बंदरावरचे जहाज आणि शेवटी हॅम्बुर्गमधले गिऱ्हाईक तो शर्ट गरम पाण्यात धुते ती वीज, हे सगळे स्कोप 3. 2001 मध्ये आलेल्या ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉलने ही विभागणी रूढ केली. बहुतेक कंपन्यांचा खरा बोजा तिसऱ्या भागात असतो आणि तोच मोजायला सर्वांत कठीण. त्यापुढचा धडा ‘दुहेरी महत्त्व’ या कल्पनेचा. हवामानामुळे कंपनीच्या नफ्याला काय धोका आहे एवढेच सांगून भागत नाही. कंपनीमुळे माणसांना आणि निसर्गाला काय झळ बसते तेही मांडावे लागते. फुल्यांचा प्रश्न इथे, एकशे चाळीस वर्षांनी का होईना, हिशेबाच्या वहीत शिरला आहे.

युरोपीय संघाच्या अहवाल-कायद्याने 2023 पासून ही दुहेरी मांडणी सक्तीची करायला घेतली. 2025 मध्ये मात्र तिची व्याप्ती कमी करण्याचा प्रस्ताव खुद्द युरोपीय आयोगानेच मांडला. म्हणून एखाद्या कायद्याची कलमे पाठ करणारा अभ्यासक्रम मला कच्चा वाटतो. मोजणी, वित्त आणि पुरवठा साखळी पक्की करून घेणारा खरा. आपल्याकडे सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्याने पहिल्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल बंधनकारक केला आहे. याची 2013 च्या कंपनी कायद्यातल्या दोन टक्के सीएसआर खर्चाशी नेहमी गल्लत होते. सीएसआर म्हणजे झालेल्या नफ्यातून केलेला खर्च. इथे प्रश्न असतो तो नफा झाला कसा याचा.

खर्चाचे सांगायलाच हवे. अमेरिकेतल्या नावाजलेल्या संस्थेत दोन वर्षांचा एमबीए राहण्याखाण्यासकट कोटीच्या वर जातो. युरोपात आणि ब्रिटनमध्ये एका वर्षाचे अभ्यासक्रम बरेच आहेत. पैसा वाचतो, पण उन्हाळ्यात एखाद्या कंपनीत इंटर्नशिप करायला सवड मिळत नाही. क्षेत्र बदलून येणाऱ्याला तीच उणीव जड जाते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या अटी आणि मुदती विद्यापीठाचा अर्ज भरण्याआधीच पाहाव्यात, कारण दोन्ही वेळापत्रके जुळवणे हेच अर्धे काम असते.

परत येणाऱ्यांसाठी काम कुठे आहे, तर कारखान्यांत. युरोपात जाणाऱ्या पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट आणि खत अशा मालावर तिथल्या सीमेवर कार्बनची किंमत लावण्याची व्यवस्था ऑक्टोबर 2023 मध्ये आकडे कळवण्यापुरती सुरू झाली. 1 जानेवारी 2026 पासून तिचा पैशाचा टप्पा लागू झाला. ज्या कारखान्याला आपल्या भट्टीतून टनामागे किती कार्बन निघतो याचा तपासून घेतलेला आकडा देता येत नाही, त्याच्या मालाला ठरवून दिलेला, सहसा चढा आकडा लागतो आणि त्या फरकाचे पैसे युरोपातल्या आयातदाराला भरावे लागतात. पुढच्या ऑर्डरच्या वेळी तो आयातदार ते पैसे भावातून कापून घ्यायला बसतो.