‘मी बरी आहे’ : परदेशातून येणारा एक निरोप

आमच्या कोपरगावच्या बेटावर, गोदावरीच्या काठी, शुक्राचार्यांचे मंदिर आहे. लग्नासाठी येथे मुहूर्त पाहावा लागत नाही, अशी या भागातली श्रद्धा असल्याने मंदिराच्या आवारात बहुधा एखादे वऱ्हाड उतरलेले असते. कच संजीवनी विद्या शिकण्यासाठी जेथे आला तो आश्रम हाच, असे गावातली जुनी माणसे सांगत आली. ‘संजीवनी’ हे नाव आमच्याकडे साखर कारखान्यापासून अभियांत्रिकी महाविद्यालयापर्यंत सर्वत्र आढळते ते त्यामुळेच.

लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला कचाच्या पराक्रमाचे कौतुक वाटे. आता पंचाहत्तरी उलटल्यावर तीच गोष्ट निराळी दिसते. शत्रूच्या मुलखात, परक्या माणसांत, आपल्याकडे नसलेली विद्या शिकायला गेलेला तो एक विद्यार्थी होता. गुरूची गुरे राखणे हे त्याचे काम. एके संध्याकाळी गुरे परत आली आणि त्यांच्यामागे कच नव्हता. हे प्रथम ध्यानात आले ते देवयानीच्या. दिवेलागण झाली, अग्निहोत्र आटोपले, गुरे आली, मग हा का आला नाही, असे तिने वडिलांना विचारले आणि त्या विचारण्यामुळे कच वाचला. संजीवनी मंत्र शुक्राचार्यांचा खरा. पण कोणी न परतल्याचे वेळेवर लक्षात येणे ही त्याच्या आधीची पायरी होती.

दोन वर्षांपूर्वी आमची नात शिकण्यासाठी जर्मनीला गेली, तेव्हापासून ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

आपल्या मराठी मुलखातून शिक्षणासाठी साता समुद्रापार गेलेल्या मुलींचा विषय निघाला की आनंदीबाई जोशी यांचे नाव सर्वांत आधी येते. त्यांचे कर्तृत्व आपण शालेय पुस्तकांत वाचले, कादंबरीत वाचले, अलीकडे चित्रपटातही पाहिले. त्यांच्या प्रकृतीची कहाणी मात्र आपण बहुधा शेवटच्या ओळीत उरकतो : पदवी मिळाली, क्षय झाला, गेल्या. ही कहाणी त्या बोटीवर चढल्या त्याच्याही आधी सुरू झाली होती.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल आणि दहाच दिवसांत त्या बाळाचा मृत्यू. पती गोपाळराव टपाल खात्यात असल्याने बदलीमागून बदली होत होती. अलिबाग, कोल्हापूर, भूज असे करत बिऱ्हाड बंगालमध्ये पोहोचले तोवर आनंदीबाईंना अशक्तपणा, सततची डोकेदुखी, मधूनमधून येणारा ताप आणि धाप लागणे हे सारे सुरू झाले होते. अमेरिकेतील न्यू जर्सी प्रांतात रोझेल गावी राहणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंशी त्यांचा पत्रव्यवहार होता. दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असताना या बाईंनी एका मासिकात गोपाळरावांचे पत्र वाचले होते आणि ओळखदेख नसताना लेखणी उचलली होती. त्यांनी अमेरिकेहून औषधेही पाठवली. गुण आला नाही.

अशा प्रकृतीची अठरा वर्षांची मुलगी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीत बसली आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला उतरली. जवळजवळ दोन महिन्यांचा प्रवास. सोबत पती नाही, माहेरचे कोणी नाही. निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या सभेत – हे श्रीरामपूर बंगालमधले, आपल्या शेजारचे नव्हे – आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी जाहीर केले होते. त्या शब्दाची किंमत त्यांनी पुढे अन्नवस्त्रांत मोजली.

फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला. तेथील हिवाळा म्हणजे बर्फाचा. नऊवारी नेसल्यावर पोटऱ्या आणि कंबर उघडी राहते; अखेर त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्याचा मार्ग काढला. राहण्याच्या खोलीतली शेकोटी धुराडे धड नसल्याने खोलीभर धूर करी, असे चरित्रात नमूद आहे. म्हणजे थंडी सोसायची किंवा धूर, एवढीच निवड. आहार शाकाहारी आणि तोही परक्या बाजारातल्या जिनसांवर भागवलेला. दिवसभर व्याख्याने, शवविच्छेदन, रात्री वाचन. शिक्षणाची जवळपास दीड-दोन वर्षे झाली तोवर ताप, खोकला आणि मूर्च्छा नेहमीच्या झाल्या.

त्यांच्या आजाराचे जंतू जगाला नुकतेच ठाऊक झाले होते. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे बर्लिनमध्ये जाहीर केले ते २४ मार्च १८८२ रोजी, आनंदीबाई निघण्याच्या अवघे वर्षभर आधी. कारण कळले होते; उपाय नव्हता. विश्रांती, सकस अन्न आणि मोकळी हवा एवढेच त्या काळचे डॉक्टर सांगू शकत. पहिले परिणामकारक औषध स्ट्रेप्टोमायसिन हाती आले ते १९४३ साली. विद्यार्थिनीला विश्रांती आणि सकस अन्न कोठून मिळणार? तरीही ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या. हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. समारंभासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री-कक्षाचे प्रमुखपद त्यांना देऊ करण्यात आले. त्या वर्षअखेरीस त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. बाविसावा वाढदिवस महिन्यावर आला होता. कोल्हापूरचे काम त्यांना सुरूही करता आले नाही.

त्यांच्या पत्रांचा विचार मी अनेकदा करते. पत्र पोहोचायला महिन्याहून अधिक लागे. ‘प्रकृती ठीक आहे’ असे वाक्य गोपाळरावांच्या हाती पडे तोवर ते शिळे झालेले असे. त्यातून गोपाळरावांची पत्रे अनेकदा जाब विचारणारी. अशा माणसाला आपली मूर्च्छा कितीशी कळवावी, हा प्रश्न त्या मुलीपुढे असणारच. रोझेलच्या कार्पेंटरबाई, ज्यांना त्या मावशी म्हणत, मात्र जवळ होत्या. सुटीत जायला एक घर होते. आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर त्यांच्या अस्थी या बाईंकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क प्रांतातील पोकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत आजही त्यांचा स्मृतिशिला उभी आहे, असे म्हणण्यापेक्षा ती शिला त्या घरातल्यांच्या ओळीत उभी आहे, असे म्हणणे मला अधिक बरोबर वाटते.

परदेशगमन म्हणजे प्रकृतीचा नाश, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. आनंदीबाईंहून काही महिन्यांनीच मोठ्या असलेल्या रखमाबाईंनी लंडनमध्ये वैद्यकशिक्षण घेतले. थंडी तेथेही होतीच. पुढे सुरत आणि राजकोट येथे त्यांनी अनेक वर्षे रुग्णसेवा केली आणि १९५५ साली, वयाच्या नव्वदीत, त्यांचे निधन झाले.

आता आमच्या घरातली गोष्ट. ती सांगावी की नाही, याचा विचार मी बरेच दिवस केला.

नात निघाली त्या दिवशी मुलगा-सून तिला गाडीने मुंबईला घेऊन गेले. मी उंबऱ्यातच थांबले. पिशवीत शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि गोडा मसाला दिला. लोकरीचे दोन बनियन दिले, ते तिने नाइलाजाने घेतले. पहिला हिवाळा आला. रोज फोन होई. ‘आजी, मी बरी आहे. तू कशी आहेस?’ ‘मीही बरी आहे.’ एवढे झाले की मग हवा, जेवण, परीक्षा.

त्या डिसेंबरात मी न्हाणीघरात घसरले. उजवे मनगट मोडले. नाशिकला नेऊन प्लास्टर घातले, सहा आठवडे हात गळ्यात. शुद्धीवर असताना मी पहिले वाक्य बोलले ते असे : ‘तिला सांगू नका. तिची परीक्षा आहे.’ घरातल्या सर्वांनी हे मान्य केले. वृद्ध माणसाचा हा हट्ट प्रेमाचा समजला जातो. मलाही तेव्हा तसेच वाटले.

तीन आठवडे निभावले. चेहरा तेवढा दिसेल असा फोन सून धरी. एका दुपारी घरात कोणी नव्हते आणि मी डाव्या हाताने फोन उचलला. तो थरथरला, कलंडला, आणि पडद्यावर पांढरे प्लास्टर दिसले. नात काही क्षण बोललीच नाही. मग रडली, आणि रडता रडता चिडली. ‘तुम्ही सगळ्यांनी मिळून मला घराबाहेर काढलंत,’ असे ती म्हणाली. मला उत्तर सुचले नाही. मी तिला ओरडण्याचा प्रयत्न केला, तोही फसला.

दुसऱ्या दिवशी तिचा पुन्हा फोन आला आणि तिने आपली बाजू सांगितली. नोव्हेंबरात तिला फ्लू झाला होता आणि तो छातीत उतरला होता. चार दिवस ती खोलीतच पडून होती. तेथे त्या दिवसांत दुपारी साडेचारच्या सुमारासच अंधार पडतो. उठावेसे वाटत नसे, स्वयंपाक करवत नसे, पाव आणि चहावर दिवस काढले. आम्हाला रोज ‘मी बरी आहे’ हे ऐकू येत होते. त्याच मजल्यावर राहणारी व्हिएतनामची एक मुलगी सामाईक स्वयंपाकघरात ही दोन दिवस दिसली नाही म्हणून दार वाजवायला आली. तिनेच डॉक्टरांकडे नेले. न्यूमोनिया निघाला. तेथे विद्यार्थ्यांना आरोग्यविमा सक्तीचा असल्याने खर्चाचा प्रश्न आला नाही, औषधांनी उतार पडला. पण चौथ्या दिवसापर्यंत कोपरगावात कोणालाही काही ठाऊक नव्हते आणि आम्ही रोज तिच्याशी बोलत होतो.

बोटीने जाणारे पत्र महिना घेई. आमचा निरोप क्षणात पोहोचत होता. तरी खरे सांगायला दोन्ही बाजूंना आठवडे लागले.

त्यानंतर आम्ही काही गोष्टी ठरवल्या. रविवारी आमच्या दुपारी एक वाजता, म्हणजे तिच्या सकाळी साडेआठला, सविस्तर बोलायचे. (मार्चअखेरीस त्यांची घड्याळे तासभर पुढे जातात, तेव्हा तिचे साडेनऊ होतात.) त्या दिवशी ‘कशी आहेस’ विचारायचे नाही, नेमके विचारायचे. रात्री झोप किती झाली, काल काय शिजवलेस, खोकला आहे का, बाहेर उजेडात किती चाललीस. तिनेही मला रक्तदाबाचा आकडा विचारायचा, उपाशीपोटीची साखर विचारायची, गोळ्या संपत आल्यात का ते विचारायचे. आकडा सांगताना माणसाला लपवणे अवघड जाते, असा माझा अनुभव आहे. शिवाय कोणतीही दुखापत किंवा दोन दिवसांहून अधिक ताप चोवीस तासांच्या आत कळवायचा, परीक्षा असो वा नसो.

त्या व्हिएतनामी मुलीचा फोन क्रमांक आता आमच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे आणि माझ्या मुलाचा तिच्याकडे. तिला मराठी येत नाही, मला तिची भाषा येत नाही. दिवाळीत तिने हात हलवला, मी हात हलवला. ज्यांची मुले-नातवंडे बाहेर आहेत त्यांना मी एवढेच सुचवीन की, तेथे त्यांची अनुपस्थिती कोणाच्या लक्षात येईल, हे आधी विचारून घ्यावे. विमानाच्या तिकिटाइतकेच ते महत्त्वाचे आहे. देशपरत्वे तातडीचे क्रमांक वेगळे असतात, तेही घरात लिहून ठेवावेत. जर्मनीत रुग्णवाहिकेसाठी ११२ आहे आणि दवाखाने बंद असताना डॉक्टर हवा असल्यास ११६११७. जाताना नेहमीच्या औषधांची चिठ्ठी कंपनीच्या नावाऐवजी औषधाच्या मूळ नावाने लिहून घ्यावी, कारण आपल्याकडचे नाव तेथे कोणी ओळखत नाही.

खोकल्याविषयी एक गोष्ट परदेशाइतकीच घरालाही लागू आहे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळी येणारा ताप, रात्री घाम, वजन घटणे यांपैकी काही असेल तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. मधुमेह असलेल्या वृद्धांना क्षयाचा धोका अधिक असतो आणि आपण तो ‘वयाचा खोकला’ म्हणून अंगावर काढतो. सरकारी दवाखान्यांत तपासणी आणि औषधे मोफत आहेत; साधारण सहा महिने औषधे नियमित घेतल्यास बहुसंख्य रुग्ण पूर्ण बरे होतात. आनंदीबाईंना जे जगात कोठेच मिळू शकले नसते ते आज आपल्या तालुक्याच्या गावी मिळते.

आणि न्हाणीघरात धरायला दांडी लावून घ्यावी. आम्ही ती मनगट मोडल्यावर लावली.

गेल्या रविवारी मी फोन भिंतीला टेकवून ठेवला आणि दोन्ही हातांनी बाजरीची भाकरी थापून दाखवली. उजव्या बाजूला अजून जरा जाड होते. नातीने ते लगेच ओळखले. मग तिने आपला डबा उघडून दाखवला. आत वरणभात होता आणि वर, तिने शपथेवर सांगितल्याप्रमाणे, मीच दिलेल्या मेतकुटाचा शेवटचा चमचा. पुढच्या महिन्यात गावातून कोणी तिकडे जाणार आहे का, याची चौकशी सध्या चालू आहे.