अंगाचे माप आणि चिठ्ठीवरचे अक्षर

आमची भाची सूर्यमाळची. शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमासाठी ती नाशिकला गेली आणि तिथे पोहण्याचा तास लागला. पोहणे तिला नवे नाही. लहानपणापासून वैतरणेच्या डोहात जुना फ्रॉक घालून उड्या मारलेली पोर ती. पण तलावाचा नियम होता की सुती कपडे चालणार नाहीत, नायलॉनचा स्विमिंग कॉस्च्युमच हवा. नियम बरोबरच आहे. सुती कापड पाणी पिऊन जड होते, हातापायांत अडकते. तेव्हा तिला घेऊन तिची आई आणि आम्ही बाजारात फिरलो.

पहिल्या दुकानात 'एम' मिळाला. घालून बघायला मनाई, परत घेणार नाही अशी पाटी. खोलीवर येऊन घातला तर छातीला सैल आणि खांद्याला इतका ताठ की पट्टे रुतून वळ उठले. दुसऱ्या दुकानातला 'एल' त्या 'एम'पेक्षाही अपुरा. तिसऱ्यात अक्षरे नव्हती, आकडे होते. ३४ म्हणजे अंगाची छाती की कपड्याची, असे आम्ही विचारले, तर उत्तर मिळाले, "ताई, तो कंपनीचा ३४ आहे." शेवटी लहान मुलांच्या फळीवरचा '१४ वर्षे' लिहिलेला काढून दिला. भाचीला एकोणीस पूर्ण झाली आहेत. दुकानातला पोरगा हसला. तोही उंचीला आखूडच निघाला.

परतताना ती म्हणाली, "मावशी, मी पोहायचा तासच नाही घेत. माझंच अंग बरोबर नाही."

या एका वाक्यासाठी हे पान लिहायला घेतले. कपडा बसला नाही की आपल्या बाया कपड्याला बोल लावत नाहीत, स्वतःच्या शरीराला लावतात. एखादी जेवण कमी करते, एखादी खेळ सोडते.

मुळात ही अक्षरे सगळीकडे सारखी नाहीत. एका कंपनीचा आकडा अंगाचा असतो, दुसरीचा शिवलेल्या कपड्याचा. गिऱ्हाइकाला बारीक वाटावे म्हणून मोठ्या कपड्याला लहान आकडा लावण्याचीही चाल आहे. कापडाचे थर एकावर एक ठेवून यंत्राने कापतात, तिथेही थोडा फरक पडतो. खोडाळ्याला शिलाई करणारी बाई मुंढा, छाती, कंबर, उंची निरनिराळी घेते आणि आत माया सोडते. तयार कपड्यात एवढ्या सगळ्या मापांचे एकच अक्षर होते आणि मायाही नसते.

हे अक्षर कोणाच्या अंगावरून ठरते, हेही बघू. अमेरिकेत १९३९-४० साली सरकारने सुमारे १५,००० स्त्रियांची मापे घेतली आणि १९४१ मध्ये ती प्रसिद्ध केली. गोऱ्या नसलेल्या ज्या स्त्रियांची मापे घेतली गेली, ती हिशेबातून वगळली. पुढे १९५८ मध्ये तिथे प्रमाण आकडे ठरले, पण बायका त्यात बसेनात. १९८३ मध्ये ते प्रमाण मागे घेतले गेले. आपल्या देशात वस्त्रोद्योग मंत्रालय आणि राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था यांनी 'इंडियासाइझ' नावाची मोजणी हाती घेतली. १५ ते ६५ वयाच्या २५,००० हून अधिक लोकांची मापे यंत्राने घेण्याची ती योजना. काम उशिरा सुरू झाले तरी चांगलेच आहे. मात्र मोजणीसाठी निवडली ती सहा शहरे: दिल्ली, मुंबई, कोलकाता, हैदराबाद, बंगळूर आणि शिलाँग. सूर्यमाळेची वारली, कातकरी किंवा आपली बाई नाचणीचे शेत सोडून मुंबईला माप द्यायला कधी जाणार?

१९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी आपल्या आज्या-पणज्यांना सांगितले होते, की कपड्यावरून जात ओळखू येईल असे नेसू नका. त्यांनी लुगडे नेसण्याची पद्धत बदलली. त्यांच्या नातीने एका चिठ्ठीवरच्या अक्षराला घाबरावे, हे आम्हांला पटले नाही.

म्हणून घरी टेप काढली. अखंड कॉस्च्युमला छातीपेक्षा महत्त्वाचे माप असते ते धडाच्या घेराचे. टेप एका खांद्यावरून पुढे खाली, दोन्ही पायांच्या मधून मागे घेऊन परत त्याच खांद्यावर आणायची. भाचीचा घेर आला ६० इंच, छाती ३२. तिचे धड लांब आणि छाती कमी, एवढेच. दुकानात आता 'कोणता साइझ' असे विचारत नाही. टेप सोबत नेतो आणि कॉस्च्युम फळीवर पसरून मोजतो. कापड ताणले जाते, म्हणून कपड्याचे माप अंगापेक्षा बरेच कमी असणारच, पण दोन कपड्यांतला फरक लगेच कळतो. ओला झाल्यावर तो आणखी सैल पडतो, त्यामुळे कोरडा असताना अंगाला लागून बसलेला घ्यावा. मात्र श्वास अडता कामा नये आणि पट्ट्याखाली बोट सहज गेले पाहिजे. मांडी झाकणारा, शॉर्ट्स जोडलेलाही मिळतो. ज्यांना संकोच वाटतो त्यांनी तो घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही.

पोहून झाल्यावर ओल्या कॉस्च्युमवर गप्पा मारत बसू नये. ओल, घाम आणि घट्ट नायलॉन एकत्र आले की जांघेत गजकर्ण होते, योनीला खाज सुटते. साध्या पाण्याने अंग धुऊन, कोरडे करून सुती कपडा घालावा. कॉस्च्युमही लगेच साध्या पाण्यात खळबळावा, क्लोरिनने त्याचा ताण जातो. हे फक्त पोहणाऱ्यांपुरते नाही. सूर्यमाळेच्या पावसात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत आणि पोरी दमट चड्डी तशीच घालून शाळेत जातात. आतले कपडे चुलीच्या उबेला वाळवायला लाजू नका. खाज आली तर मेडिकलमधून कोणतेही मलम आणू नका. पुष्कळ मलमांत स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने चार दिवस बरे वाटते आणि मग नायटा पसरतो. आरोग्य केंद्रात दाखवावे.

वयावरून साइझ ठरवण्याची तऱ्हा शाळेच्या गणवेशातही आहे. २०२४-२५ मध्ये 'एक राज्य एक गणवेश' योजनेत मापाच्या तक्रारी राज्यभर झाल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आले. समितीत बसणाऱ्या आपल्या भगिनींनी वय लिहून न पाठवता एकेका मुलाला टेप लावायला सांगावे. टेप लावताना एक पाहा. गेल्या वर्षीची चड्डी यंदा आखूड झाली नसेल, तर कपडा पुरला म्हणून आनंद मानू नका. वाढत्या वयाचे पोर वर्षभरात उंच झालेच नाही, असा त्याचा अर्थ असू शकतो. अशा पोराला वजन-उंची करायला अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात न्यावे. जव्हार-मोखाड्याला कुपोषण काय ते वेगळे सांगायला नको.

भाचीला पाचव्या दुकानात मापाचा कॉस्च्युम मिळाला. त्यावर 'एक्सएल' लिहिले होते. तिने घरी येऊन कात्रीने चिठ्ठी कापली आणि दुसऱ्या दिवशी तासाला गेली. पहिल्या दुकानातला 'एम' आमच्याकडे कोराच पडून आहे. छाती ३४ आणि धडाचा घेर ५६ इंचांच्या आसपास असलेल्या कोणा मुलीला हवा असेल तर न्यावा, पैसे नकोत.