वास जवळ्याचा, लाज कशाची?

शिरूर-दौंडपासून समुद्र दूर. तरी सुका जवळा आपल्या घरात येतो आणि शेजारी नाक मुरडतील म्हणून आपण तो खिडक्या लावून भाजतो.

व्हिएतनाममध्ये अशीच बारीक कोळंबी मिठात महिनोन्‌महिने मुरवतात. तिला ‘माम तोम’ म्हणतात. वास जवळ्याहून उग्र. तरी हनोईत लोक लिंबू-मिरची घालून, तळलेल्या सोयापनीराबरोबर रस्त्यावर बसून चवीने खातात.

भगिनींनो, त्याला कोळंबी अगदी ताजी हवी आणि चार भागांस साधारण एक भाग मीठ. मीठ कमी पडले तर ती सडते. म्हणून आम्ही सुचवतो जवळ्याची चटणी: जवळा चाळा, निवडा, मंद आचेवर भाजा, लसूण, लाल मिरची, मीठ घालून वाटा. भाकरीबरोबर वाढा.

आणि खिडकी उघडी ठेवा.