शर्मिष्ठेतील अतिनवतारा

इ. स. १५७२ च्या नोव्हेंबरात शर्मिष्ठेत प्रकटलेला आणि भर दिवसाही दिसणारा जो तारा टायको ब्राहेने तपशीलवार नोंदला, तो श्वेतबटूचा स्फोट होता, हे धूलिमेघांवरून परावर्तित होऊन उशिरा पोहोचलेल्या त्याच्याच प्रकाशावरून २००८ साली सिद्ध झाले. एका उपपत्तीनुसार, जोडीदार ताऱ्याचे द्रव्य ओढणाऱ्या श्वेतबटूचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पटींच्या चंद्रशेखर मर्यादेनजीक पोहोचले, की गाभ्यातील कार्बन पेटतो. आणि तेथील दाब तापमानावर फारसा अवलंबून नसल्याने प्रसरण पावून थंड होण्याची सवलत न उरलेला तो तारा काही सेकंदांत समूळ विदीर्ण होतो. दोन श्वेतबटूंच्या मीलनातूनही हे संभवते. पुढील महिन्यांचे तेज मात्र, आणि हीच बाब मला विशेष विलक्षण वाटते, स्फोटात घडलेल्या किरणोत्सर्गी निकेलचे कोबाल्टात व कोबाल्टचे लोहात रूपांतर होताना मुक्त होणाऱ्या ऊर्जेचे असते.