पायली गेली, मापाचा घोळ राहिला

गावात सप्ताहाची सांगता असली की महाप्रसादाच्या चुलीपाशी एक संवाद हमखास ऐकू येतो.

"मावशी, भाताला तांदूळ किती काढू?"

"काढ की चार पायल्या!"

"अवो, पन आता पायली कुठं हाय? पोतं पंचवीस किलोचं हाय."

मग कुणी डबा आणतो, कुणी बादली. अंदाजाने तांदूळ पडतो. कधी भात उरतो, तर कधी शेवटची पंगत ताटकळते.

जुन्या माणसांचा हिशेब सरळ होता. दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली. मात्र एका भागातली पायली दुसऱ्या भागात चालेलच असे नव्हते. त्यात शेरही दोन, एक मापी आणि एक वजनी. वजनी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत आणली आणि दुकानात किलो आला. चुलीपाशी मात्र मापच राहिले. चिपट्या-मापट्याच्या जागी वाटी, पेला आणि डबा आला, एवढेच.

खरा घोळ पुढेच आहे. एक लिटर पाणी एक किलो भरते, म्हणून लिटरभर धान्यही किलोभर भरणार, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात लिटरच्या मापात तांदूळ साधारण ८०० ते ८५० ग्रॅम बसतो, गहू ७५० ते ८०० ग्रॅम आणि गव्हाचे पीठ ५०० ते ६०० ग्रॅमच. पीठ दाबून भरले तर आकडा वाढतो. शीग लावून भरलेले माप आणि सपाट माप यांतही बराच फरक पडतो.

याचा फटका कुणाला बसतो? शाळेच्या पोषण आहाराचेच उदाहरण घ्या. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य ठरलेले आहे. चाळीस मुलांना ४ किलो तांदूळ लागतो. स्वयंपाक करणाऱ्या ताईंनी अर्ध्या लिटरचा डबा अर्ध्या किलोचा समजून आठ डबे घातले, तर प्रत्यक्षात ३ किलो २०० ग्रॅमच्या आसपासच तांदूळ पडतो. म्हणजे आठ मुलांचा वाटा भांड्यात पडतच नाही. कुणी चोरी केलेली नसते, तरी मापात पाप होते आणि वहीचा हिशेबही जुळत नाही.

पाण्याचेही तसेच. 'एकास दोन' हे प्रमाण मापाचे आहे. दहा किलो तांदूळ म्हणजे सुमारे १२ लिटर. त्याला किलोच्या हिशेबाने २० लिटर पाणी घातले तर भात कणीदार राहतो. मापाने पाहिले तर २४ लिटर लागते. तांदूळ नवा असेल तर त्यातून थोडे कमी करावे, हे अनुभवी हातांना सांगायला नको.

उपाय सोपा आहे, खर्चही नाही. रोजच्या वापरातला एकच डबा ठरवावा. तराजूवर रिकाम्या डब्याचा धडा करून घ्यावा. मग डबा तांदळाने भरावा, वरून पट्टी फिरवून सपाट करावा आणि वजन करावे. असे तीनदा करून सरासरी काढावी. डाळ, रवा, पीठ यांचे वजन वेगवेगळे घ्यावे, कारण एकाचा आकडा दुसऱ्याला लागू पडत नाही. आलेले आकडे रंगाने डब्यावर किंवा खडूने भिंतीवर लिहून ठेवावेत. नवे पोते फोडले की एकदा पुन्हा वजन करून पाहावे.

पायली परत येणार नाही, यायची गरजही नाही. पण आपल्या डब्यात किती ग्रॅम बसते, एवढे चुलीपाशी ठाऊक असले तरी शेवटच्या पंगतीचे पान आणि शाळेतल्या पोरांची ताटली रिकामी राहणार नाही.